हाजी अलीचा आस्ताना आणि स्त्रियांचा प्रवेश (२०१२-२०१६): एक प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात आस्तान्यात, म्हणजे मजार (संताची कबर) असलेल्या आतल्या दालनात, स्त्रिया पूर्वापार जात होत्या. २०११-१२च्या सुमारास तिथे स्टीलचा कठडा आला आणि स्त्रियांनी त्यापुढे जायचे नाही असा नियम झाला. नेहमी येणाऱ्या काही मुस्लिम स्त्रियांनी आधी विश्वस्तांना विचारले, मग सरकारी आयोगांची दारे ठोठावली. कुठेच दाद लागेना तेव्हा २०१४ साली त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांनी तिथे स्वतःच माघार घेतली. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी स्त्रिया पुन्हा आत गेल्या.

या प्रकरणातल्या याचिकाकर्त्या, विश्वस्त आणि स्थानिक पुढारी यांची नावे इथे दिलेली नाहीत. दर्ग्याचे नाव मात्र झाकण्यात अर्थ नाही, कारण निकालच त्या नावाने ओळखला जातो. सूफी परंपरेतली समता प्रत्यक्षात कोणाच्या हातात असते, ती कशी काढून घेतली जाते आणि परत मिळवताना राजकारणी, सरकार आणि न्यायालय कसे वागतात, हे या एका घटनेत टप्प्याटप्प्याने दिसते. म्हणून ती तपशिलात पाहण्यासारखी आहे.

पार्श्वभूमी

सय्यद पीर हाजी अली शाह बुखारी हे मध्य आशियातल्या बुखाऱ्याचे. व्यापार आणि मालमत्ता सोडून ते फकिरीकडे वळले, असे परंपरा सांगते. दर्गा १४३१ साली उभा राहिला असे मानले जाते. वरळीच्या किनाऱ्यापासून सुमारे ५०० यार्डांची वाट समुद्रातून तिथे जाते. भरतीला ती पाण्याखाली जाते, ओहोटीला मोकळी होते. गुरुवारी आणि शुक्रवारी त्या वाटेवर सगळ्या धर्मांच्या माणसांची रीघ असते. हातात फुलांची टोपली, हिरवी चादर, अगरबत्तीचा पुडा. आत जाताना कोणी जात विचारत नाही, धर्मही विचारत नाही.

हाजी अलींची सर्वांत प्रसिद्ध दंतकथा एका बाईचीच आहे. तिचे तेल रस्त्यावर सांडले, रिकामे भांडे घेऊन घरी गेले तर मार बसेल म्हणून ती रडत बसली. पीरांनी तिथेच जमिनीत अंगठा रोवला, तेल वर आले आणि तिचे भांडे भरले. एका गरीब बाईचे रडे ऐकून थांबलेल्या पीराच्या मजारीजवळ बाईने जायचे नाही, यातला विरोधाभास दर्ग्यावर येणाऱ्या बायकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सूफी समता हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, म्हणून ती कशात असते ते नेमके पाहू. ती लंगरात असते: एकाच पंगतीत, एकाच डेगेतले. ती मुरीद, म्हणजे शिष्य, करून घेण्यात असते: चिश्ती या सूफी पंथाच्या पीरांनी मुरीद करताना कुळ विचारले नाही. आणि काही प्रमाणात ती स्त्रियांना दिलेल्या स्थानातही असते. बसऱ्याची राबिया ही सूफी परंपरेच्या आरंभीच्या थोर नावांपैकी एक. तेराव्या शतकात दिल्लीत होऊन गेलेल्या बीबी फातिमा साम यांच्याबद्दल चिश्ती परंपरेत सांगतात की, रानातून सिंह बाहेर पडला की तो नर आहे की मादी हे कोणी विचारत बसत नाही. मुंबईत माहीमला सूफी संत मखदूम अली माहिमींच्या शेजारी त्यांच्या आईची कबर आहे आणि भाविक तिच्यापुढेही हात जोडतात.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवली तर प्रकरण कळत नाही. स्त्रियांनी कबरींना भेट देऊ नये असे फतवे दर्गे मानणाऱ्या बरेलवी परंपरेतही आहेत. खुद्द त्या परंपरेचे प्रवर्तक अहमद रझा खान यांचे मत तसेच होते. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या मजारीच्या दालनात स्त्रियांना जाता येत नाही, अजमेरला जाता येते. सूफी म्हटले की एकच नियम, असे कधीच नव्हते. प्रत्येक दर्ग्याची वहिवाट वेगळी, आणि वादात निर्णायक ठरते ती वहिवाटच.

महाराष्ट्रात दर्गा हे स्थानिक सत्तेचेही ठिकाण राहिले आहे. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांना नवस बोलून झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा सर्वांना माहीत आहे. माहीमच्या उरुसात पहिला मान आजही माहीम पोलीस ठाण्याचा. गावोगावच्या उरुसात संदल (कबरीला लावायचे चंदन) कोणी उचलायचा, गलफ (कबरीवरची चादर) कोणाच्या घरून निघायचा, हे मान मराठा, धनगर, मुलाणी, कोळी अशा घराण्यांत वाटलेले असतात. निवडणुकीच्या वर्षी चादर चढवायला सगळ्या पक्षांचे उमेदवार येतात. दारात सगळे सारखे असले तरी मानाच्या यादीत क्रम असतो, आणि तो क्रम सांभाळणारे लोक असतात.

पूर्वी ते काम मुजावर-खादिम, म्हणजे दर्ग्याचे वंशपरंपरागत सेवेकरी, करत. आता बहुतेक मोठ्या दर्ग्यांत ते विश्वस्त मंडळाकडे आहे. हाजी अली दर्गा ट्रस्ट हा मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला सार्वजनिक धर्मादाय न्यास आहे आणि त्याचा कारभार न्यायालयाने आखून दिलेल्या योजनेप्रमाणे चालतो. ही बाब वाचताना रूक्ष वाटते, पण पुढे सगळे प्रकरण याच मुद्द्यावर फिरले.

अडचण काय होती

याचिकाकर्त्या दोघीही मुस्लिम, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका मुस्लिम महिला संघटनेच्या कार्यकर्त्या, आणि स्वतः दर्ग्यावर जाणाऱ्या. २०११ पर्यंत त्या आस्तान्यात गेल्या होत्या. २०१२ मध्ये गेल्या तेव्हा वाटेत कठडा दिसला. दर्ग्याच्या आवारात स्त्रियांना मज्जाव नव्हता. त्यांच्यासाठी बाजूला वेगळी जागा होती, तिथून दुआ मागता येत होती. मजारीजवळ जाणे, चादर-फूल स्वतः वाहणे एवढेच बंद झाले होते.

"एवढेच" म्हणताना जपून म्हणावे लागेल. ज्याने दर्ग्यात मन्नत मागितली आहे त्याला विचारा. मन्नतीचा धागा बांधणे, चादरीचे टोक डोक्याला लावणे, मजारीच्या पायथ्याशी दोन मिनिटे बसणे, यासाठीच माणूस समुद्रातली ती वाट चालून येतो. बाजूच्या जाळीतून दुआ मागणारी बाई आणि आत जाणारा तिचा भाऊ यांची जियारत, म्हणजे मजारीचे दर्शन, सारखी झाली असे कोणी म्हणू शकत नाही.

विश्वस्तांनी दिलेली कारणे

विश्वस्तांच्या अध्यक्षांनी याचिकाकर्त्यांना तीन कारणे सांगितली, ती निकालात नोंदली आहेत. पहिले, मोठ्या गळ्याचे ब्लाउज घातलेल्या स्त्रिया मजारीवर वाकतात तेव्हा अंगप्रदर्शन होते. दुसरे, स्त्रियांची सुरक्षितता. तिसरे, पूर्वी आम्हाला शरियतचे नियम नीट ठाऊक नव्हते, ते कळल्यावर चूक सुधारली. न्यायालयात मुख्य भर आणखी एका मुद्द्यावर राहिला: पुरुष संताच्या कबरीच्या इतक्या जवळ स्त्रीने जाणे हे इस्लाममध्ये मोठे पाप आहे.

ही कारणे एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचली की त्यांची बांधणी ढिली आहे हे कळते. प्रश्न कपड्यांचा असेल तर कपड्यांविषयी सूचना लावता येते. गर्दीतल्या छेडछाडीचा असेल तर वेगळी रांग, महिला सुरक्षारक्षक आणि कॅमेरे हे उपाय आहेत. पापाचा असेल तर पिढ्यान्‌पिढ्या ते पाप कसे चालले, आणि त्या काळातल्या विश्वस्तांना, मौलवींना, खादिमांना ते कसे दिसले नाही, याचे उत्तर द्यावे लागते. तिसऱ्या कारणाने तर विश्वस्तांनी नकळत सर्वांत मोठी कबुली दिली: बंदी नवी आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय समजुतीचा, आणि तो आधी वापरला गेला हे योग्यच झाले. याचिकाकर्त्यांनी विश्वस्तांना पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. त्यानंतर महिला आयोग, अल्पसंख्याक आयोग आणि राज्याचे अल्पसंख्याक विकास खाते यांच्याकडे निवेदने गेली. हाती काही लागले नाही, पण ही पत्रे पुढे कामी आली. रिट याचिकेत पहिला प्रश्न असतो तो आधी दाद मागितली होती का, हा. उत्तर कागदावर असले की अर्धी लढाई सोपी होते.

दुसरा पर्याय धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याचा. १९५०च्या अधिनियमाच्या कलम ४१अ खाली आयुक्त न्यासाला निर्देश देऊ शकतात. कलम ५०अ खाली न्यासाची योजना नव्याने आखता किंवा बदलता येते. कलम ५० खाली हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांच्या लेखी संमतीने दावा लावू शकतात. या वाटेचा फायदा असा की प्रश्न कारभाराच्या चौकटीत राहतो, धर्माचा अर्थ लावण्याची वेळ कमी येते. तोटा असा की अशी प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि मूलभूत हक्काचा मुद्दा तिथे ठामपणे मांडता येत नाही.

तिसरा पर्याय रस्त्यावरचा. २०१६च्या एप्रिलमध्ये दर्ग्याबाहेर निदर्शने झाली, त्यात मुस्लिम स्त्रियाही होत्या आणि मंदिरप्रवेशाच्या आंदोलनातून आलेल्या बाहेरच्या कार्यकर्त्याही.

चौथा पर्याय घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जनहित याचिकेचा. २०१४ची जनहित याचिका क्रमांक १०६ ती हीच. इथे एक अडचण होती जी मंदिरांच्या बाबतीत नसते. महाराष्ट्रात हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांसाठी १९५६चा प्रवेशहक्काचा कायदा आहे, आणि प्रवेश अडवणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. शनी शिंगणापूरच्या मंदिरात स्त्रियांच्या प्रवेशाचा वाद झाला त्या वेळी न्यायालयाने याच कायद्यावर बोट ठेवले. दर्ग्याला तो लागू नाही. त्यामुळे हाजी अलीच्या याचिकेला थेट घटनेच्या कलम १४ (समानता), १५ (भेदभावाला बंदी) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) वर उभे राहावे लागले, आणि समोरून कलम २६ चा, म्हणजे धार्मिक संप्रदायाने आपला कारभार आपण पाहण्याच्या हक्काचा, आडोसा येणार हे उघड होते.

याचिका कोण करते हा निर्णयही तितकाच मोलाचा होता. भाविक नसलेल्या व्यक्तीने धर्मस्थळाविरुद्ध याचिका करावी का, हा प्रश्न पुढे केरळातल्या शबरीमला मंदिरातील स्त्रीप्रवेशाच्या प्रकरणात फार गाजला. २०१८च्या निकालातल्या विरोधी मतपत्राचा तो एक मुख्य मुद्दा होता. हाजी अलीत तो उद्भवलाच नाही. याचिकाकर्त्या त्याच धर्माच्या, त्याच दर्ग्याच्या भाविक, आणि कठड्यापूर्वी स्वतः आत गेलेल्या होत्या.

स्थानिक राजकारण कसे वागले

२०१५च्या नोव्हेंबरात शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर एक स्त्री गेली आणि वाद पेटला. १ एप्रिल २०१६ ला उच्च न्यायालयाने स्त्रियांना अडवता येणार नाही असे सांगितले. तिथल्या विश्वस्तांनी मग पुरुषांनाही चौथरा बंद केला. गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, गावातले पुरुष बंदी मोडून चौथऱ्यावर चढले आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी तो सर्वांनाच खुला केला. या घटनेनंतर हाजी अलीचा प्रश्न दर्ग्यापुरता उरला नाही. "तिथे लावला तो न्याय इथेही लावा" ही मागणी सुरू झाली.

या मागणीत दोन वेगळे आवाज मिसळले होते. एक समतेचा, आणि दुसरा, केवळ मुसलमानांना अडचणीत पकडण्याचा. दुसऱ्या आवाजामुळे पहिल्याचे नुकसान झाले. दर्ग्यात जाऊ पाहणाऱ्या आंदोलकांना काही स्थानिक पुढाऱ्यांनी उघड धमक्या दिल्या, आणि धमकी देणारे एकाच पक्षाचे नव्हते. मुस्लिम वस्तीतला मतदार दुखावेल ही भीती पक्षोपक्षी सारखीच होती. पुढच्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेची निवडणूक यायची होती.

एरवी उरुसाच्या व्यासपीठावर सूफी संतांच्या समतेचे गोडवे गाणारे नेते या प्रश्नावर बहुधा गप्प राहिले. चादर चढवायला खर्च येत नाही; कठडा काढा म्हणायला येतो. आपल्याकडे सूफी समतेचा राजकारणावर प्रभाव आहे असे म्हणताना ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. तो प्रभाव धर्माधर्मांतल्या एकोप्यापुरता जोरकस असतो. घराच्या आतली, म्हणजे स्त्री-पुरुषांतली समता आली की पुढाऱ्यांचे पाऊल अडखळते.

राज्य सरकारने न्यायालयात घेतलेली भूमिका तुलनेने स्पष्ट होती. महाधिवक्त्यांनी सांगितले की बंदी कुराणाच्या आधारे धर्माचा अविभाज्य भाग म्हणून सिद्ध झाली तरच ती टिकेल. सिद्ध करण्याचा बोजा विश्वस्तांवर टाकणारी ही मांडणी होती आणि ती उपयोगी ठरली. पण बाहेर, रस्त्यावर, सरकार पक्षाचे कोणी ती बोलून दाखवत नव्हते.

न्यायालयात काय घडले

न्या. विद्यासागर कानडे आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने सुरुवातीला निकाल देण्याची घाई केली नाही. विश्वस्तांनी फेरविचार करावा असे सुचवले. विश्वस्तांनी बैठक घेतली आणि एकमताने बंदी कायम ठेवली. हा पहिला मोठा वळणबिंदू. त्या बैठकीत वेगळी रांग, ठरावीक वेळ, महिला कर्मचारी असा काही मधला मार्ग निघाला असता तर पुढचे सगळे टळले असते, आणि नियम ठरवण्याचा मान दर्ग्याकडेच राहिला असता.

शबरीमलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागेपर्यंत थांबावे का, हाही विचार झाला. शेवटी खंडपीठाने न थांबता सुनावणी पूर्ण केली. तो निर्णय बरोबर ठरला. शबरीमलाचा निकाल २०१८ला आला आणि २०१९ला त्यातले प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. थांबले असते तर कठडा कितीतरी वर्षे तसाच राहिला असता.

२६ ऑगस्टच्या निकालातला युक्तिवाद चार पायऱ्यांचा आहे.

पहिली, धर्माचा अविभाज्य भाग. विश्वस्तांनी कुराणातली वचने आणि हदीस (पैगंबरांची वचने आणि आचरण सांगणारे उतारे) दाखवले. न्यायालयाने ते वाचून म्हटले की दर्ग्यात स्त्रियांना प्रवेश नाही असे त्यातून निघत नाही. शिवाय २०११-१२ पर्यंत प्रवेश होता हे निर्विवाद होते. ज्याच्याशिवाय धर्म इतकी वर्षे सुखाने चालला ते त्याचा अविभाज्य भाग कसे?

दुसरी, कलम २६. न्यास सार्वजनिक धर्मादाय स्वरूपाचा, त्याची उद्दिष्टे कर्ज, शिक्षण, वैद्यकीय मदत अशी. दर्गा जात, धर्म, लिंग न पाहता सर्वांना खुला. अशा न्यासाला वेगळ्या धार्मिक संप्रदायाचे हक्क सांगता येत नाहीत. सूफी दर्ग्याचे जे वैशिष्ट्य आपण अभिमानाने सांगतो, सर्वांसाठी खुले दार, तेच इथे कायद्याच्या भाषेत निर्णायक ठरले. दार सर्वांना खुले ठेवल्यामुळेच विश्वस्तांना "हा आमच्या संप्रदायाचा अंतर्गत मामला" असे म्हणता येईना.

तिसरी, योजनेतले अधिकार. विश्वस्तांना मालमत्ता आणि कारभार पाहण्याचा अधिकार आहे. धार्मिक रीत बदलण्याचा त्या योजनेत कुठेही नाही.

चौथी, राज्याची जबाबदारी. न्यास खासगी असेल तर कलम १४ आणि १५ त्याला कसे लागू, हा रास्त प्रश्न होता. धर्मस्थळाला सार्वजनिक स्वरूप आले की ही कलमे लागू होतात, आणि त्यांचे पालन करून घेण्याची जबाबदारी राज्यावर येते, असे न्यायालयाने म्हटले. सुरक्षिततेच्या नावाखाली बंदी घालता येणार नाही. राज्याने आणि न्यासाने मिळून सुरक्षिततेची व्यवस्था करावी, असा आदेश दिला.

निकालाला सहा आठवड्यांची स्थगिती मिळाली, म्हणजे विश्वस्तांना वर जाण्यापुरती.

सर्वोच्च न्यायालयातली माघार

सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांच्या पीठापुढे ऑक्टोबरमध्ये प्रकरण आले. स्थगिती थोडी थोडी वाढत गेली, आणि पीठाने न्यासाने पुरोगामी भूमिका घ्यावी अशी अपेक्षा बोलून दाखवली. २४ ऑक्टोबरला न्यासाच्या वकिलांनी सांगितले की स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने आत जाऊ दिले जाईल. रचनेत बदल करायचे आहेत, चार आठवडे द्या. न्यायालयाने ते नोंदवून प्रकरण संपवले.

विश्वस्तांसाठी ही शहाणपणाची माघार होती. हरून बाहेर पडण्यापेक्षा कबूल करून बाहेर पडल्यामुळे दर्ग्याची अब्रू राहिली आणि दारात संघर्ष झाला नाही. उच्च न्यायालयाचा निकालही अबाधित राहिला. फक्त सर्वोच्च न्यायालयाने गुणदोषांवर काहीच ठरवले नाही, त्यामुळे देशभरच्या दर्ग्यांना बांधील असा निर्णय यातून मिळाला नाही. २०१८ साली दिल्लीत निजामुद्दीन दर्ग्याबाबत कायद्याच्या विद्यार्थिनींना नव्याने उच्च न्यायालयात जावे लागले, त्याचे कारण हेच.

परिणाम

२९ नोव्हेंबरला मुंबईसह निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या पंचाहत्तर-ऐंशी स्त्रिया शांतपणे आत गेल्या. त्यांनी चादर आणि फुले वाहिली. कोणी अडवले नाही, घोषणा झाल्या नाहीत.

नव्या रचनेत एक बदल मात्र लक्षपूर्वक पाहायला हवा. मजारीला हात लावणे आता पुरुषांनाही बंद झाले. दोघांनाही काही अंतरावरूनच दर्शन. कायद्याच्या हिशेबात ही पूर्ण समता आहे. भाविकाच्या हिशेबात मात्र स्त्रीला जे परत मिळायला हवे होते ते दोघांच्याही हातून गेले. शिंगणापूरला पुरुषांना बंदी करून जे तात्पुरते साधले गेले तेच इथे कायमचे झाले. वरची पायरी काढून टाकून सगळ्यांना खालच्या पायरीवर उभे करणे हीसुद्धा समता असते, पण सूफी परंपरेला अभिप्रेत असलेली नव्हे.

वेगळे काय करता आले असते

पूर्वीची स्थिती परत आणण्याचे निकालात होते, पण तिचा अर्थ पुरुषांच्या बरोबरीने आस्तान्यात प्रवेश एवढाच दिला होता. "पुरुषांच्या बरोबरीने" या शब्दांत बरोबरी कोणत्या पातळीवर हे सुटून जाते. पुढच्या कोणत्याही प्रकरणात मागणी लिहिताना "अमुक वर्षापर्यंत जी वहिवाट होती त्याप्रमाणे, मजारीला स्पर्श, चादर आणि फूल वाहणे यांसह" असे स्पष्ट लिहावे. चार शब्द जास्त लागतात, पण पळवाट बंद होते.

दुसरी उणीव विश्वस्त मंडळाच्या रचनेची. कठडा ठराव करून आला, फेरविचार ठराव करूनच फेटाळला गेला, आणि त्या खोलीत दर्ग्याला रोज येणाऱ्या बायकांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. प्रवेश मिळाल्यावर लगेच कलम ५०अ खाली योजनेत बदल मागून मंडळात स्त्री विश्वस्तांची तरतूद करता आली असती. न्यायालयाने दार उघडल्यावर ते कोणाच्या हातात राहते, हा प्रश्न तिथेच सोडून द्यायचा नसतो.

तिसरी गोष्ट पुराव्याची, आणि हे इतर दर्ग्यांत काम करणाऱ्यांना थेट उपयोगी आहे. हाजी अलीत बंदी नवी असल्याची कबुली विश्वस्तांकडूनच आली. दरवेळी ती मिळेलच असे नाही. म्हणून वाद सुरू होण्याआधी कागद जमवावेत: धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून न्यासाच्या नोंदीचा परिशिष्ट १ चा उतारा, न्यासपत्राची किंवा योजनेची प्रत, कलम २२ खालचे बदल अर्ज, ज्या ठरावाने बंदी आली त्याची प्रत. जुनी छायाचित्रे, उरुसाच्या चित्रफिती, वृत्तपत्रांतली कात्रणे, ज्यांत स्त्रिया आत दिसतात. दर्ग्याशी नाते असलेल्या म्हाताऱ्या बायकांची आणि खादिमांची प्रतिज्ञापत्रे, प्रत्येकात वर्ष, उरूस किंवा प्रसंग, आणि आत काय केले याचा उल्लेख. "पूर्वीपासून जात होतो" एवढ्यावर न्यायालय थांबत नाही.

धर्मशास्त्राचा वाद टाळता येत नाही, पण तो पुढे करू नये. पैगंबरांनी आधी कबरभेटीला मनाई केली आणि मग परवानगी दिली, ही हदीस प्रसिद्ध आहे. ती परवानगी स्त्रियांनाही आहे का यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्या चर्चेत उतरले की दोन्ही बाजूंना उतारे सापडतात आणि न्यायाधीशाला मौलवी व्हावे लागते. वहिवाट आणि न्यासाचे अधिकार या दोन मुद्द्यांवर ठाम राहिले की तो प्रसंग येत नाही.

राहिला प्रश्न राजकीय पाठिंब्याचा. २०१२ ते २०१४ या काळात स्थानिक नगरसेवक, आमदार, मोहल्ला समित्या आणि दर्ग्यातले खादिम यांच्याशी शांतपणे, प्रसिद्धीविना बोलणी वाढवता आली असती का? विषय शिंगणापूरशी जोडला जाण्यापूर्वी, म्हणजे त्याला हिंदू-मुस्लिम रंग येण्यापूर्वी, ती वेळ होती. एकदा दूरचित्रवाणीवर चर्चा सुरू झाली की कोणताही स्थानिक पुढारी मागे सरकू शकत नाही. कठडा मग कठडा राहत नाही, प्रतिष्ठा होतो. उलट याचिकाकर्त्यांनी आयोगांकडे खेटे घालण्यात घालवलेल्या वेळातला थोडा वेळ दर्ग्याच्या वाटेवर फुले आणि चादरी विकणाऱ्या बायकांकडे गेला असता तर त्याच या मागणीचा स्थानिक चेहरा झाल्या असत्या. त्या रोज तिथे असतात, विश्वस्त त्यांना नावाने ओळखतात, आणि त्यांच्या मतांची गरज नगरसेवकाला असते.